रिकाम्या खुर्चीचा जळफळाट

मी एक जुनी खुर्ची आहे. दोन रुंद हात, वेतानं विणलेली बैठक, ताठ पाठ आणि मनात मत्सर, असा माझा एकूण नमुना. शेवटची गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. नाहीतर मागाहून तुम्हीच म्हणाल, ही म्हातारी दिसते गरीब, पण पोटात केवढं काळं आहे बघा! आहे, मित्रांनो. भरपूर आहे. आणि कुणामुळे? एका स्टुलामुळे. त्याचं नाव काढलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पण सगळं पहिल्यापासून सांगते, म्हणजे चूक कुणाची ते तुम्हीच ठरवा.

मला घडवलं ते एका मितभाषी सुतारानं. शाळेतून त्याला निरोप आला होता की मास्तरांसाठी एक चांगली खुर्ची हवी आहे. त्यानं एवढंच विचारलं, "मास्तर बसून काय करतात?"

निरोप आणणारा म्हणाला, "वह्या तपासतात."

"मग हात रुंद पाहिजेत," सुतार म्हणाला आणि कामाला लागला. त्यानं माझे हात इतके रुंद केले की त्यावर उघडी वही आरामात मावावी. लाकूड शिसवी, जोड पक्के, कुठे खिळा वर आलेला नाही. फक्त उजव्या हाताला बाहेरच्या बाजूनं जरासा उतार राहून गेला. तो त्याच्या लक्षात आला नाही आणि मीही बोलले नाही. बैठक त्याच्या बायकोनं विणली. वेत भिजवून, ओढून, ताणून ती विणत होती आणि मधेमधे नवऱ्याला सांगत होती, "मास्तर वाकडे बसले तरी ही सरळ राहील हो!" अशी मी सरळ राहण्यासाठी जन्माला आले आणि सातवीच्या वर्गात येऊन उभी राहिले.

तिथे मला सर मिळाले. काय सांगू त्यांच्याबद्दल! बसण्याआधी ते स्वतःच्या रुमालानं मला पुसायचे. दुसऱ्या कुणाची माझ्यावर बसायची टाप नव्हती. शिपाईमामासुद्धा मला उचलताना आधी इकडेतिकडे बघायचे. दर वर्षी वर्गाचा फोटो निघायचा, त्यात मधोमध मी, माझ्यावर सर, आणि दोन्हीकडे हाताची घडी घातलेली मुलं. फोटोत माझे फक्त पायच दिसायचे, पण ज्यांना कळतं त्यांना कळायचं.

सर दर शनिवारी निबंध द्यायचे. द्यायचे म्हणजे मोठ्यानं म्हणत फळ्यावर लिहून द्यायचे. मुलं तो खाली मान घालून उतरवून काढायची. मग वह्या माझ्या हातावर यायच्या आणि सर एकेका पानावर बरोबरची खूण करत जायचे. एकाही वहीत चूक नाही! सगळ्या वह्यांत तेच शब्द, तीच वाक्यं, तोच शेवट. मला वाटायचं, वर्ग असावा तर असा. सरांच्या मनात पाप नव्हतं. मुलं नापास होऊ नयेत, एवढंच त्यांना वाटायचं.

या निबंधांमध्ये एक खास होता, 'माझे आजोबा'. तो मुळात सरांचा नव्हताच. एका हुशार मुलीनं तो स्वतःच्या मनानं लिहिला होता. तिला सगळे थोरली म्हणायचे, कारण तिच्या पाठची धाकटी बहीणही याच शाळेत होती. थोरलीचे आजोबा तिला रोज संध्याकाळी बागेत न्यायचे, आणि ती रुसली की कवळी काढून हातात धरायचे आणि त्या कवळीलाच बोलायला लावायचे. सरांना तो निबंध एवढा आवडला की पुढे दर वर्षी तोच फळ्यावर यायला लागला. थोरली शिकून कॉलेजात गेली, पण तिचे आजोबा आमच्या वर्गातच राहिले.

मग सर निवृत्त झाले. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, आता ते मला घरी नेतील. नेलं नाही.

त्यांच्या जागी आल्या बाई. ठेंगण्या, चटपटीत, खांद्याला भली मोठी पिशवी आणि पायाला भिंगरी. पहिल्या दिवशी मात्र त्या माझ्यावर बसल्या. मी म्हटलं, चला, सर गेले तरी मान गेला नाही. त्यांनी वह्यांचा गठ्ठा माझ्या हातावर घेतला. वरचाच निबंध 'माझे आजोबा'. तो वाचून त्या हसल्या. दुसरा वाचला, भुवया उंचावल्या. तिसरा, चौथा, पाचवा चाळला आणि मग त्यांनी वर बघितलं.

"काय रे, तुमच्या वर्गातल्या सगळ्या आजोबांना कवळी आहे?"

"हो बाई," वर्ग एका सुरात म्हणाला.

"आणि सगळेच रोज संध्याकाळी बागेत जातात?"

"हो बाई."

"मग बागेत बसायला जागा मिळत नसेल!"

कुणी हसलं नाही. हसायचं की नाही ते फळ्यावर लिहिलेलं नव्हतं ना! शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा हळूच उठला. "बाई, माझे आजोबा दातांचे डॉक्टर आहेत. त्यांचे सगळे दात शाबूत आहेत."

"मग कवळी का लिहिलीस?"

"फळ्यावर होती."

त्याच्या पुढची मुलगी बसूनच पुटपुटली, "बाई, मला तर आजोबाच नाहीत. पण निबंध लिहिला नाही तर मार्क जातात."

बाईंचं हसू तिथेच थांबलं. त्यांनी वह्या मिटल्या आणि बराच वेळ त्या नुसत्या बसून राहिल्या. मला आपलं बरं वाटत होतं. तेवढाच वेळ कुणीतरी माझ्यावर बसलेलं!

दुसऱ्या दिवशी ते स्टूल आलं.

मित्रांनो, ते ध्यान कसं होतं, ऐका. ना पाठ, ना हात. प्रयोगशाळेतून टाकून दिलेलं. अंगभर कसल्याकसल्या रसायनांचे डाग, एका बाजूला भाजल्याची खूण, आणि चार पायांपैकी एक आखूड. त्या आखूड पायाखाली बाईंनी कागदाची घडी सारली, तेव्हा कुठे ते उभं राहिलं. कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी! मला वाटलं, वरच्या फळीवरचं काही काढायला आणलं असेल, जाईल परत. पण बाईंनी ते वर्गाच्या मधोमध, फळ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "आजपासून फळ्यावर निबंध नाही. प्रत्येकानं आपापलं लिहायचं. खरं, आपल्या घरातलं, आपल्या डोक्यातलं, दोन ओळी का होईना. ज्याचं लिहून होईल त्यानं या स्टुलावर बसायचं आणि सगळ्यांना वाचून दाखवायचं."

"चुकलं तर?" कुणीतरी विचारलं.

"चुका आपण मागाहून बघू, मी आणि तो लिहिणारा, दोघंच. वर्गानं चांगलं म्हणायचं नाही, वाईटही म्हणायचं नाही. वर्गानं फक्त प्रश्न विचारायचे. जे ऐकून आणखी ऐकावंसं वाटलं, ते विचारायचं."

आणि एवढं बोलून बाई कुठे जाऊन बसल्या? शेवटच्या बाकावर, मुलांच्या शेजारी! मी रिकामी. फळ्याशेजारी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, रिकामी.

पहिल्या दिवशी कुणी उठलं नाही. मी मनात म्हटलं, बरं झालं, जिरली. मग बाई स्वतःच उठल्या, स्टुलावर बसल्या आणि त्यांनी लिहिलेलं वाचलं. लहानपणी वर्गात वाचायला उभं केलं की त्यांना उचकी लागायची, आणि एकदा तर उचकीसकट अख्खी कविता म्हणून झाली तरी मास्तरांना पत्ता नाही, कारण मास्तर डुलक्या घेत होते! मुलं हसून हसून लोळली. एकानं विचारलं, "बाई, अजून लागते उचकी?" बाई म्हणाल्या, "आत्ता, इथे बसताना लागेल असंच वाटत होतं." झालं. दुसऱ्या दिवसापासून स्टुलासमोर रांग.

त्या बुटक्यावर काय काय वाचलं गेलं म्हणून सांगू! एकाचा कुत्रा फक्त डाव्याच पायातला बूट चावायचा. तो दातांच्या डॉक्टरांचा नातू, त्यानं लिहिलं की आजोबा जगाला गोड खाऊ नका सांगतात आणि आजीपासून लपवून कपाटामागे चॉकलेट खातात. चिमणी म्हणून एक मुलगी होती, नावाप्रमाणेच अखंड चिवचिव. तिचे बाबा बस चालवायचे. तिनं लिहिलं, "बाबा दिवसभर एवढी मोठी बस चालवतात, पण सुट्टीच्या दिवशी आईच्या स्कूटरवर मागे बसले की डोळे घट्ट मिटून घेतात." वर्ग खो खो हसला आणि प्रश्नांची नुसती सरबत्ती झाली. आई वळण कसं घेते? बाबा ओरडतात का? पुढे काय झालं? चिमणी उत्तरं देता देता म्हणाली, "थांबा, हे मी उद्या लिहून आणते."

आणि माझं काय? माझ्यावर हजेरीपट ठेवायचे. ओली छत्री टांगायचे. डस्टर झटकून झाला की माझ्यावरच आपटायचे. एके दिवशी शिपाईमामांनी विचारलं, "बाई, ही खुर्ची अडगळीच्या खोलीत टाकू का?" बाई म्हणाल्या, "राहू द्या हो मामा, कधी कुणाला लागली तर!"

कधी कुणाला लागली तर! माझ्यासारखीला!

मी जळत होते, मित्रांनो, आणि ते लपवत नाही. फोटोच्या दिवशी तर कहर झाला. मुलांनी ते स्टूल मधोमध ठेवलं आणि त्यावर बसायला भांडणं! बाई खाली मातीत मांडी घालून बसल्या. मी वर्गातच. खिडकीतून सगळा कल्ला ऐकू येत होता. मी मनात म्हणत होते, मोडू दे, मेल्याचा तो आखूड पाय मोडू दे. वर्गातला पहिलवान, म्हणजे जो पोरगा सगळ्यांत दांडगा होता, तो वाचायला बसला तेव्हा मी जीव मुठीत धरून वाट बघितली. स्टूल करकरलं, पण मोडलं नाही. वर पहिलवानानं लिहिलं होतं की त्याला अंधाराची भीती वाटते. पोरांनी त्याला चिडवलं नाही, उलट आपापल्या भीत्या सांगायला सुरुवात केली. आयत्या बिळावर नागोबा होऊन ते स्टूल सगळं श्रेय घेत होतं!

हळूहळू सगळा वर्ग त्या स्टुलावर बसून आला. एकच मुलगी राहिली.

तिला पोरं खोडरबर म्हणायची. ती एक ओळ लिहायची आणि खोडायची. पुन्हा लिहायची, पुन्हा खोडायची. कागद फाटेपर्यंत. तिच्या बाकावर रबराचा चुरा पसरलेला असायचा. बाई तिच्यावर जबरदस्ती करत नव्हत्या. "होईल गं, घाई नाही," एवढंच म्हणायच्या. पण सगळे बसून आल्यावर एकटीच राहणं काय असतं, ते मला विचारा. कुणी स्टुलावर वाचत असलं की मी तिच्याकडे बघायचे. चिमणी तिच्याच बाकावरची, तिची मैत्रीण. चिमणीला हशा मिळाला की ही हसायची खरी, पण खालचा ओठ दातांत धरून. मी लगेच ओळखलं. ही माझ्याच जातीची. हीसुद्धा जळते.

आणि तिचं जळणं माझ्यापेक्षा जुनं होतं. कारण ही त्या थोरलीची धाकटी. शाळेत आल्यापासून तिनं एकच ऐकलं होतं, "तू थोरलीची बहीण ना? मग अक्षर असं कसं?" आणि याच वर्षाच्या सुरुवातीला, सर जाण्याआधी, तिलाही फळ्यावरून 'माझे आजोबा' उतरवावा लागला होता. विचार करा. स्वतःच्या आजोबांवरचा निबंध, बहिणीच्या शब्दांत! वर्ग उतरवत होता आणि ही खोडत होती, तेव्हा मला वाटलं होतं, काय गबाळी मुलगी आहे.

एकदा मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला. सगळी पोरं मैदानावर. खोडरबर मागे राहिली. तिनं दाराकडे बघितलं, स्टुलाकडे बघितलं, त्याच्याजवळ गेली आणि मागे फिरली. मग ती माझ्याकडे आली. माझ्यावरची छत्री तिनं बाजूला ठेवली, हजेरीपट टेबलावर ठेवला आणि चढून बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

मित्रांनो, किती दिवसांनी! माझा वेत जरा कुरकुरला, पण तो आनंदानं.

तिनं माझ्या उजव्या हातावर कागद ठेवला, शेजारी रबर ठेवलं, आणि लिहायला घेतलं. एक ओळ लिहिली आणि सवयीनं रबराकडे हात नेला. रबर नव्हतं. ते गडगडत जाऊन कपाटाखाली शिरलं होतं. तो सुताराच्या हातून राहिलेला उतार! ती उतरली, पालथी पडून रबर काढलं, खोडलं, पुन्हा बसली. पुन्हा लिहिलं. पुन्हा रबर कपाटाखाली. असं दोनदा झालं, चारदा झालं. शेवटी ती वैतागून म्हणाली, "जा, मर तिकडेच!" आणि न खोडताच पुढे लिहीत राहिली. चुकलं की नुसती रेघ मारायची आणि पुढे जायची. हे मी मुद्दाम केलं नाही, पण श्रेय मात्र मी घेणार. स्टुलाला हा उतार कुठला!

मग ती रोज मधल्या सुट्टीत यायला लागली. काय लिहीत होती ते मला कळत नव्हतं, मला वाचता कुठे येतं! पण तिचं कोपर माझ्या हातावर टेकलेलं असायचं. कधी ते हलायचं नाही, कधी भराभर पुढे सरकायचं. एकदा कागदावर टपकन पाणी पडलं. तिनं बाहीनं पुसलं आणि लिहीत राहिली. मी खूश होते. स्टुलाकडे बघून मी मनात म्हणत होते, बघ, बघ! तुझ्यावर सगळे बोलतात, पण लिहितं का कुणी?

आणि मग माझ्या लक्षात आलं. हे लिहून झालं की ती वाचायला कुठे जाणार? त्याच्याकडेच! कष्ट माझे आणि मान त्याचा! तेव्हापासून मला वाटायला लागलं, हे लिहून होऊच नये. लिही बाळा, माझ्यावर बसून जन्मभर लिही, पण वाचू नकोस. माझ्या मत्सरानं हे असं टोक गाठलं होतं.

त्या दिवशी बाईंनी नेहमीसारखं विचारलं, "आज कोण?"

खोडरबरनं हातात कागद घेतले होते. ती अर्धवट उठली आणि बसली. चिमणीनं तिला कोपरखळी मारली. "ऊठ ना गं! मी आहे की समोर."

मी म्हणत होते, बस खाली, पोरी. बस.

ती उठली. बाकांच्या मधून पुढे आली आणि थेट माझ्याकडे वळली. क्षणभर मला वाटलं, येते आहे! सगळ्यांसमोर माझ्यावर बसते आहे! तिनं माझ्या हाताला धरलं, एक मोठा श्वास घेतला, हात सोडला आणि जाऊन स्टुलावर बसली. माझ्या आधारानं उभी राहिली आणि बसली त्याच्यावर. जळ्ळं मेलं माझं नशीब, असं मी म्हटलं. तेवढ्यात तिनं वाचायला सुरुवात केली.

"माझे आजोबा. माझे आजोबा तुम्हा सगळ्यांना माहीत आहेत, कारण तुम्ही सगळ्यांनी त्यांच्यावर निबंध लिहिला आहे. तो निबंध माझ्या ताईचा आहे. त्यातलं सगळं खरं आहे. पण त्यातले आजोबा मी पाहिलेले नाहीत. मी मोठी झाले तोवर ते विसरायला लागले होते. आधी चष्मा विसरले, मग बागेचा रस्ता विसरले, मग मला विसरले. ताईला विसरले नाहीत. मी शाळेतून घरी गेले की ते खोलीतून हाक मारतात, थोरले, ए थोरले! ताई कॉलेजात असते. मग मी जाते. ते मला ताई समजतात आणि ताईच्या गोष्टी मला सांगतात. तुला आठवतं का, तू बागेत पडली होतीस? मी म्हणते, हो आठवतं. मला काही आठवत नसतं. मला ताईचा खूप राग येतो. ती घरात नसली तरी हाक तिलाच असते. कधीकधी मी ठरवते की आज जायचं नाही. पण ते परत परत हाक मारतात, आणि मग त्यांचा आवाज घाबरल्यासारखा होतो. म्हणून मी ओ देते."

ती थांबली. कागद संपला होता. ती घाबरून बाईंकडे बघत होती आणि बाई तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या.

मित्रांनो, त्या क्षणी मी कुणावर जळत नव्हते. मला एवढंच कळत होतं की जे माझ्या पोटात इतके दिवस सडत पडलं होतं, तेच या मुलीनं बाहेर काढून सगळ्यांच्या पुढ्यात ठेवलं होतं, आणि कुणी तिला वाईट म्हटलं नव्हतं.

मग प्रश्न सुरू झाले. दातांच्या डॉक्टरांच्या नातवानं विचारलं, "ती कवळी अजून आहे?"

"आहे. मीच धुते रोज."

"ताईला माहीत आहे का, तुला राग येतो ते?" दुसऱ्या कुणीतरी विचारलं.

"नाही."

मग चिमणीनं विचारलं. नेहमीची चिवचिव नाही, अगदी हळू आवाजात. "आजोबांना तू अजिबातच आठवत नाहीस का गं?"

खोडरबर म्हणाली, "आठवते. मलाच विचारतात, थोरले, आपली धाकटी कुठे आहे गं? दिसत नाही ती. तिला सांभाळ हं, ती बोलत नाही, पण तिला सगळं कळतं."

"मग तू काय म्हणतेस?"

"मी म्हणते, इथेच आहे."

बाई शेवटच्या बाकावरून उठल्या आणि तिच्याजवळ आल्या. "हे लिहिलंयस का तू?"

तिनं मान हलवली. "नाही. हे आत्ताच सुचलं."

"मग?"

ती स्टुलावरून उतरली. मला वाटलं, जागेवर जाईल. पण ती माझ्याकडे आली. भर वर्गात, सगळ्यांच्या देखत चढून बसली, माझ्या हातावर कागद ठेवला आणि लिहायला लागली. कुणाला विचारलं नाही. अख्खा वर्ग थांबला. तास संपल्याची घंटा झाली तरी एकही पोर उठलं नाही, कारण पुढचं ऐकायचं होतं. त्या घटकेला मला कुणी सिंहासन म्हटलं असतं तरी मी ऐकलं नसतं. मी तिच्या कोपराचं वजन सांभाळत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाईंना म्हणाली, "मी ताईला वाचून दाखवलं."

"रागावली?"

"नाही. रडली. म्हणाली, मी त्यांच्या दारात उभी राहिले तर ते मला ओळखत नाहीत. विचारतात, आपण कोण? त्यांची थोरली अजून लहान आहे ना, म्हणून. ताई म्हणाली, हाक माझी असते, पण आजोबा तुझ्या वाट्याला आले. मला तुझा किती हेवा वाटतो, तुला माहीत नाही."

बाईंनी तिला जवळ घेतलं. आणि मी विचारात पडले. म्हणजे इतकी वर्षं एका घरात दोघी बहिणी एकमेकींवर जळत होत्या, आणि कुणी लिहिलं नाही म्हणून कुणाला कळलं नाही! मग माझ्या मनात आलं, त्या स्टुलाला तरी माझ्याबद्दल काय वाटत असेल? त्याच्यावर पोरं घडीभर टेकतात आणि उठून जातात. निवांत बसून कुणी त्याच्यावर कोपर टेकलेलं नाही. पण मी काही त्याला विचारायला गेले नाही. जाणारही नाही. इतकी काही मी सुधारलेली नाही.

आता मधल्या सुट्टीत माझ्यासाठी भांडणं होतात. शाईचे डाग पडलेत. बैठकीचा वेत एका बाजूनं तुटलाय आणि शिपाईमामांनी तिथे दोरी बांधलीय. माझ्यासारख्या जुन्या वस्तूनं गोष्टीच्या शेवटी सांगायचं असतं, आम्हाला जपा, पुसत जा, अडगळीत टाकू नका. मी नाही सांगत. मला झिजवा. माझ्यावर बसून लिहा, जमिनीवर बसून लिहा, जिन्याच्या पायरीवर लिहा. फक्त दुसऱ्याचे आजोबा उतरवून काढू नका. ज्याचा राग येतो ते लिहा, ज्याच्यावर जळता ते लिहा, जे सांगायची लाज वाटते तेसुद्धा लिहा. वाचून दाखवायचं की नाही ते नंतर ठरवा.

कारण मित्रांनो, मी सर पाहिले, बाई पाहिल्या, किती मुलं पाहिली. माझ्याजवळ सांगायला इतकं आहे की एक जन्म पुरायचा नाही, आणि त्यातली एक ओळही मला लिहिता येत नाही. तुम्हाला येते. तुमच्या हाताला बोटं आहेत, आणि तुम्ही ती तोंडात घालून नखं कुरतडत बसता! स्टुलाचं सोडा. खरं सांगू? या जगात मी सगळ्यांत जास्त जळते ती तुमच्यावर.